आधी आवाज, मग चित्र: नाशिकच्या मंडळ्यांसाठी यूट्यूब, व्हॉट्सॲप आणि गूगल मॅप्सचे परीक्षण

चर्चमधली रविवारची उपासना इंटरनेटवरून दाखवायचे ठरले की बैठकीत पहिली चर्चा कॅमेऱ्याची होते. कोणता घ्यायचा, फिरता हवा की स्थिर, देणगीदार कोण मिळेल. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो: कॅमेरा आत्ता घेऊ नका. तरुण संघातल्या कुणाचाही दोन-तीन वर्षांपूर्वीचा चांगला फोन आणि एक तिपाई एवढ्यावर पहिले वर्ष आरामात निघते. हातात दहा हजार रुपये असतील तर त्यातले सात हजार आवाजावर घाला. देवळाली कॅम्पात अंथरुणाला खिळलेल्या आजींना पाळकांचा चेहरा थोडा धूसर दिसला तरी चालतो. वचन कळेनासे झाले की मात्र पाचव्या मिनिटाला त्या फोन उशाशी उलटा ठेवून देतात.

हे परीक्षण शंभर ते तीनशे कुटुंबांच्या मंडळीसाठी आहे. एक सभागृह, एक जुना मिक्सर, चार-पाच माइक आणि आठवड्यातून दोन तास देऊ शकणारे दोघे-तिघे, एवढे धरून लिहिले आहे. प्रॉटेस्टंट मंडळी असो वा कॅथलिक धर्मग्राम, उपासना असो वा मिस्सा, अडचणी बहुतेक सारख्याच आहेत. प्रत्येक साधनाला आम्ही एकच कसोटी लावली: जो देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत ते पोहोचते का? नाशिकमध्ये असे लोक ठरलेले आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रविवारी पहिली पाळी करणारे. पुण्या-मुंबईला किंवा आखाती देशांत गेलेली मुले. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढू न शकणारे वडीलधारे. सुरगाणा, पेठ भागातल्या छोट्या मंडळ्या, जिथे पाळक महिन्यातून एकदाच पोहोचतात. आणि शहरात नुकताच कामाला आलेला माणूस, ज्याला जवळचे चर्च कोणते हेच ठाऊक नसते.

मराठी ख्रिस्ती समाजाला नवे माध्यम हाताळण्याची सवय जुनी आहे. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासून छापले गेले, आणि कवी नारायण वामन टिळकांनी कीर्तनाचा बाज ख्रिस्ती उपासनेत आणला तो लोकांना तो ऐकण्याची गोडी होती म्हणून. त्यामुळे ‘आपल्या लोकांना हे जमणार नाही’ ही शंका बाजूला ठेवा. प्रश्न नीट करण्याचा आहे.

आवाज: जिथे सगळे बिघडते

मागच्या बाकाजवळ तिपाईवर फोन ठेवून त्याच्याच माइकने उपासना टिपली, तर ऐकणाऱ्याला शब्दांऐवजी घुमारा मिळतो. कारण साधे आहे. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण भिंती आणि छतावरून परतणारा आवाज सभागृहात सगळीकडे जवळपास सारखाच असतो. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये चाळीस फुटांवर परतणारा आवाज थेट आवाजावर मात करतो. समोर बसलेल्याचे कान आणि डोळे मिळून हा गोंधळ सोडवतात, फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला ते जमत नाही. म्हणून आवाज मिक्सरमधूनच घ्यावा लागतो.

बहुतेक मिक्सरच्या मागे किंवा वरच्या बाजूला ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’ लिहिलेल्या लाल-पांढऱ्या आरसीए जोडण्या असतात. तिथून आरसीए वायर एका छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि तिथून लॅपटॉपमध्ये. या कामासाठी बेहरिंगरचा यूसीए २०२ किंवा २२२ पुरतो: दोन आरसीए आत, दोन बाहेर, वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. याला माइक थेट जोडता येत नाही, हे दुकानात पैसे देण्याआधी लक्षात असू द्या. ज्यांच्याकडे मिक्सरच नाही, त्यांनी यूएम २ सारखा माइकची जोडणी असलेला इंटरफेस घ्यावा. एम. जी. रोडवर चौकशी करताना ‘साउंड कार्ड द्या’ म्हटले की शे-दोनशेचा प्लॅस्टिकचा तुकडा हातात येतो. ‘आरसीए लाइन-इन असलेला यूएसबी इंटरफेस’ असेच मागा.

लॅपटॉप नसेल आणि फोनवरूनच दाखवायचे असेल, तर दोन खड्डे आहेत. फोनच्या गोल जॅकमध्ये माइक चालायला पिनेवर तीन काळ्या कड्या आणि चार भाग लागतात. दोन कड्यांची साधी स्टिरिओ वायर घातली की फोन स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि ते प्रक्षेपण संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा खड्डा पातळीचा. मिक्सरमधून येणारा ‘लाइन’ आवाज फोनला अपेक्षित असलेल्या माइकच्या आवाजापेक्षा कितीतरी पट जोरदार असतो, म्हणून सगळे फाटून ऐकू येते. आवाज उतरवणारी, म्हणजे मध्ये रोधक बसवलेली केबल घ्या. ओटीजी वायरने यूएसबी इंटरफेस फोनला जोडता येतो, पण काही फोन आणि काही ॲप तो स्वीकारत नाहीत. फोन सोबत नेऊन दुकानातच तपासा.

आता मिक्सर जोडला आणि एक नवीच उणीव दिसते. पाळकांचा आवाज स्वच्छ येतो, पण भजन सुरू झाले की घरी बसलेल्याला एकटा गायक ऐकू येतो, मंडळी गप्प वाटते. मिक्सरमध्ये जे माइकवर आहे तेवढेच पोहोचते. छोट्या सभागृहात ढोलकी, झांज आणि पेटी बहुधा माइकशिवायच वाजतात. उपाय म्हणजे एक जादा माइक, गायनमंडळापासून सहा-सात फुटांवर, बाकांकडे तोंड करून. हा माइक सभागृहाच्या स्पीकरमध्ये जाऊ द्यायचा नाही, नाहीतर शिट्टी वाजेल. तो फक्त प्रक्षेपणात जायला हवा, आणि त्यासाठी मिक्सरचा ‘ऑक्स’, म्हणजे आवाज बाहेर नेणारी वेगळी वाट, वापरावा लागतो, तोही फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या) आधीचा, म्हणजे ‘प्री’. ‘पोस्ट’ ठेवला तर ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याने सभागृहासाठी फेडर खाली घेताच घरचाही आवाज बंद होतो. या पद्धतीत इंटरफेसची वायर ‘रेक आउट’ऐवजी ऑक्सच्या जोडणीत लावायची आणि प्रत्येक माइकचे ऑक्सचे बटण वेगळे लावायचे.

अडचण अशी की स्वस्त मिक्सरला ऑक्स एकच असतो आणि तो इकोसाठी गुंतलेला असतो. इथे मंडळीला निवड करावी लागते आणि आम्ही ठामपणे सांगू: प्रवचनाच्या माइकवरचा इको पूर्ण बंद करा. सभागृहाचा स्वतःचा घुमारा असतोच. त्यावर यंत्राचा इको चढला की जोडाक्षरे आधी जातात. ‘कृपा’ आणि ‘क्षमा’ यांतले व्यंजन विरघळले तर मागे फक्त स्वर उरतो. भजनाला इको हवा असेल तर गायकाच्या माइकपुरता ठेवा.

पातळी कशी लावायची? लॅपटॉपवरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी हिरवी, पिवळी, लाल अशी दिसते. पिवळा भाग उणे २० पासून उणे ९ डेसिबलपर्यंत आहे. प्रवचन पिवळ्यात राहिले पाहिजे. भजनाच्या वेळी लाल भागाला स्पर्श झाला तरी हरकत नाही, पण शून्याला टेकता कामा नये. झांजेचा एकच ठोका पट्टी शून्यावर नेतो, म्हणून ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा ‘लिमिटर’ हा फिल्टर उणे ६ वर लावून ठेवा. ‘नॉइज सप्रेशन’ प्रवचनापुरते ठीक, पण पेटीचा लांबलेला सूर त्याला पंख्याची घरघर वाटते आणि तो सूर खाऊन टाकतो. भजनाला तो बंद.

एकाच कानात आवाज येत असल्याची तक्रार आली तर आरसीएची एकच वायर जोडलेली आहे. ओबीएसच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘मोनो’वर खूण करा. तिथेच ‘सिंक ऑफसेट’ आहे. फोनचा कॅमेरा वायफायवरून लॅपटॉपला जोडला असेल तर चित्र मागे पडते आणि आवाज पुढे धावतो. कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवून रेकॉर्ड करा, टाळी दिसणे आणि ऐकू येणे यांतला फरक मोजा आणि तेवढे मिलिसेकंद आवाज मागे घ्या. बहुधा १०० ते २०० च्या आसपास जुळते.

आणि ती सततची गुणगुण. मिक्सर एका प्लगवर, लॅपटॉप दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर, दोघांची अर्थिंग वेगळ्या वाटेने गेली की ५० हर्ट्झची गुणगुण वायरमध्ये शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर कारण हेच. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, तरीही राहिली तर आरसीए वायरच्या मध्ये ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ बसवा. काही ठिकाणी प्लगची तिसरी, जाड पिन कापून गुणगुण घालवतात. तसे कधीही करू नका. ती पिन हातात माइक धरणाऱ्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे.

यूट्यूब लाइव्ह

प्रक्षेपणासाठी आमची पसंती यूट्यूबलाच. कारण पाहणाऱ्याला खाते उघडावे लागत नाही, व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवले की उपासना सुरू होते, आणि बारा तासांपेक्षा छोटे प्रक्षेपण आपोआप चॅनेलवर साठते. पहिल्या पाळीवरून तीनला घरी आलेला माणूस चारला उपासना पाहू शकतो.

सुरुवात करताना घाई नको. चॅनेल फोन नंबरने पडताळून घ्यावे लागते आणि ‘लाइव्ह’ची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चॅनेल काढणाऱ्यांची निराशा इथेच होते. मोबाइल ॲपवरून थेट दाखवायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉप आणि ओबीएसवरून ही अट नाही.

चॅनेल कुणा एका तरुणाच्या खासगी जीमेलवर काढू नका. तो नोकरीला पुण्याला गेला की पासवर्ड, दुहेरी पडताळणीचा फोन नंबर आणि सगळ्या जुन्या उपासना त्याच्यासोबत जातात. ब्रँड खाते, म्हणजे अनेकांना मिळून सांभाळता येणारे खाते, काढा, मालक म्हणून मंडळीचा अधिकृत ईमेल ठेवा, काम करणाऱ्यांना व्यवस्थापक म्हणून जोडा. जाहिरात किंवा सहकार्याच्या नावाने येणाऱ्या ईमेलमधली फाइल त्या लॅपटॉपवर उघडायची नाही. अशा फाइलमधला व्हायरस ब्राउझरमधले लॉगिनच चोरतो आणि मग पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग नसतो.

ओबीएसमध्ये एवढे ठेवा: ७२०पी, सेकंदाला ३० चित्रे, व्हिडिओ बिटरेट २५०० ते ३००० केबीपीएस, ‘कीफ्रेम’ दोन सेकंद, आवाज १२८ केबीपीएस. १०८०पी च्या मागे लागू नका. पाहणारे बहुतेक सगळे फोनवर असतात आणि एका जागी उभ्या पाळकांच्या चित्राला तेवढ्या बारकाव्याची गरज नसते. हिशेबही पाहा. सेकंदाला ३ मेगाबिट धरले तर दीड तासाच्या उपासनेला साधारण २ जीबी डेटा वर जातो. विलंबाच्या पर्यायांतून ‘नॉर्मल लेटन्सी’ निवडा. घरी काही सेकंद उशिरा दिसेल, पण नेटवर्क अडखळले तर चित्र थांबणार नाही.

इंटरनेटचा वेग तपासताना डाउनलोडचा आकडा पाहून खूश होऊ नका, तुम्हाला अपलोड हवा. बिटरेटच्या निदान दुप्पट, म्हणजे ६ मेगाबिट, आणि तो मंगळवारी दुपारी नव्हे तर रविवारी सकाळी ९ वाजता मोजलेला. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल टाका. वायफायवर मंडळीतले दोनशे फोन एकाच वेळी लटकले की पहिला बळी प्रक्षेपणाचा जातो. मोबाइल डेटा राखीव म्हणून ठीक आहे, पण गर्दीच्या दिवशी त्यावर विसंबू नका: फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला किंवा सिंहस्थाच्या पर्वणीला परिसरातले टॉवर माणसांनी भरून जातात. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण फायबरची डबी आणि राउटर बंद पडतात. बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस त्या दोघांना पुरतो. या यादीत आवाजानंतर सर्वांत आधी घ्यावी अशी वस्तू हीच.

संगीताच्या हक्कांचा प्रश्न मात्र डोकेदुखी आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(झेडए) खऱ्या धार्मिक विधीत गाण्याला संरक्षण देते, पण यूट्यूबचे ‘कंटेंट आयडी’ हे यंत्र आहे, त्याला विधी कळत नाही, ते फक्त ध्वनी जुळवते. उपासनेपूर्वी स्पीकरवर एखाद्या कंपनीची सीडी लावलेली असेल तर ते प्रक्षेपण मध्येच थांबवू शकते. म्हणून प्रक्षेपण सुरू असताना रेकॉर्ड केलेली गाणी लावू नका, घंटा वाजू द्या किंवा पेटी. नारायण वामन टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या अभंगांचे आणि भजनांचे शब्द मुक्त आहेत. ते स्वतःच्या मंडळीने, स्वतःच्या वाद्यांवर गावेत, यासारखी सुरक्षित आणि सुंदर वाट दुसरी नाही. वचनाचेही तसेच आहे. बायबल सोसायटीचा मजकूर हक्क राखलेला आहे, छोटे उतारे वाचणे निराळे आणि अध्यायच्या अध्याय पोस्ट करणे निराळे. पंडिता रमाबाईंचे भाषांतर जुने आणि मुक्त आहे.

व्हिडिओच्या नावात तारीख आणि रविवारचे नाव आधी लिहा: तारीख, मग ‘झावळ्यांचा रविवार, मराठी उपासना’. ‘लाइव्ह स्ट्रीम १२’ असे नाव ठेवले तर तीन महिन्यांनी स्वतःलाही शोधता येत नाही. अंत्यविधी आणि लग्ने ‘अनलिस्टेड’, म्हणजे दुवा असलेल्यालाच दिसतील अशी, ठेवा, दुवा फक्त कुटुंबाच्या हाती द्या. दुबईत अडकलेल्या मुलाला वडिलांचा अंत्यविधी पाहता येणे ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोठी सेवा आहे, तिथे टिप्पण्या बंद असाव्यात.

कॅमेरा कुठे लावता हेही सेवेचाच भाग आहे. मधल्या वाटेच्या कडेला, वेदीकडे तोंड करून, लोकांची पाठ दिसेल असा. प्रभुभोजनाला पुढे येणाऱ्यांचे चेहरे जवळून दाखवू नयेत. काही जण घरी किंवा कामाच्या ठिकाणी न सांगता उपासनेला येतात, त्यांच्यासाठी कॅमेऱ्यात न येणारी चार बाके ठरवून ठेवा आणि दारावर तसे लिहा. संडे स्कूलच्या कार्यक्रमाला पालकांची लेखी संमती घ्या: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते. आजारपणाच्या साक्षीच्या वेळी प्रक्षेपण थांबवणे आम्हाला योग्य वाटते. सभागृहात, आपल्या माणसांसमोर सांगितलेले दुःख वेगळे आणि ते कायमचे इंटरनेटवर राहणे वेगळे. ‘अमुक रोग बरा झाला’ अशा जाहिरातवजा चित्रफिती तर टाकूच नयेत, चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे आणि त्याहीपेक्षा, त्या पाहून एखाद्याने औषध थांबवले तर त्याची जबाबदारी कुणाची?

व्हॉट्सॲप

यूट्यूबपेक्षा व्हॉट्सॲपने अधिक माणसे जोडली जातात असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ब्रॉडकास्ट लिस्ट, ग्रुप, चॅनेल आणि कम्युनिटी हे चारही प्रकार एकत्र करून ठेवले तर काहीच नीट चालत नाही.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच मेसेज पोहोचतो. ‘मला मेसेज येत नाही’ या तक्रारीचे कारण दहापैकी नऊ वेळा हेच. ग्रुपमध्ये १०२४ जण येतात, पण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. नव्याने चौकशी करणाऱ्याला थेट ग्रुपमध्ये घालणे म्हणजे त्याचा नंबर हजार अनोळखी हातांत देणे. महिला सभासदांना यातून नको ते फोन येतात, हे गांभीर्याने घ्या. चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आले. त्यात फक्त मंडळी बोलते आणि एका अनुयायाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. मात्र जुने मेसेज सर्व्हरवर ३० दिवसच राहतात, त्यामुळे ते संग्रह म्हणून धरू नका.

आमची शिफारस: नोंदणीकृत सभासदांसाठी एक कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र ठेवणारे छत्र, तिच्यात घोषणांचा ग्रुप फक्त ॲडमिनने लिहिण्याचा, आणि महिला मंडळ, तरुण संघ, गायनमंडळ यांचे वेगळे ग्रुप. बाहेरच्या सगळ्यांसाठी चॅनेल, त्याचा क्यूआर दारावर आणि लग्नपत्रिकेसारख्या छापील गोष्टींवरही.

घोषणांच्या ग्रुपमध्ये आठवड्याला तीनच मेसेज जावेत. शनिवारी संध्याकाळी सहाला: उपासनेची वेळ, भाषा, वाचनांचे संदर्भ, यूट्यूबचा दुवा. रविवारी संध्याकाळी प्रवचनाचा आवाज. बुधवारी प्रार्थनासभेची आठवण. याशिवाय फक्त निधनवार्ता, आणि ती सर्वांत काळजीपूर्वक लिहावी: पूर्ण नाव, वय, अंत्यविधीची वेळ, चर्च, कोणती दफनभूमी, कुटुंबातल्या एकाचा नंबर त्याच्या परवानगीने. ‘आज दुपारी’ असे लिहू नका, मेसेज दुसऱ्या दिवशी पुढे जातो आणि लोक चुकीच्या दिवशी निघतात. तारीख आणि वार दोन्ही लिहा.

प्रवचनाचा आवाज हा या परीक्षणातला आमचा सर्वांत आवडता भाग आहे. मिक्सरमधून टिपलेल्या प्रवचनातली दहा मिनिटे कापा, ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोनो करा, ३२ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये जतन करा. फाइल साधारण २.४ एमबीची होते. हीच दहा मिनिटे ७२०पी व्हिडिओत २०० एमबीच्या आसपास जातात. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर, जिथे टेकडीवर चढल्यावर नेटवर्कची एक काडी येते, तिथे व्हिडिओ म्हणजे फिरणारे चक्र आणि ऑडिओ म्हणजे पूर्ण प्रवचन. ती फाइल एकाच्या फोनवर उतरली की संध्याकाळी दहा घरे एकत्र बसून ऐकतात, ब्लूटूथच्या डब्यावर लावून. त्या भागासाठी प्रवचनातली वाक्ये छोटी असावीत आणि वचनाचा संदर्भ दोनदा सांगावा. कोकणा किंवा वारली बोली बोलणाऱ्या स्थानिक प्रचारकाने शेवटी दोन मिनिटांचा सारांश आपल्या बोलीत जोडला तर फारच चांगले.

प्रार्थनेच्या विनंत्या ग्रुपवर येऊ देऊ नका. एक नंबर त्यासाठी राखा, पाळक किंवा मंडळीतले एक वडीलधारे तो पाहतील. आजाराचे नाव, रुग्णालय, वॉर्ड हे तपशील ग्रुपवर पडले की पुढे कुठे जातील सांगता येत नाही. वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज आता एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, तरीही चर्चवर हल्ल्याच्या किंवा चमत्काराच्या जुन्या अफवा फिरतच राहतात. ज्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो तो ग्रुपवर नको, हा एकच नियम पुरे.

गूगल मॅप्स: फुकट, आणि सर्वांत दुर्लक्षित

अंबडला नव्या नोकरीवर आलेला माणूस चर्च कुठे शोधतो? फोनच्या नकाशावर. आणि तिथे कित्येक चर्चच्या नोंदीत उपासनेची वेळच नसते, पिन मागच्या गल्लीत असते, किंवा फोन नंबर बदली झालेल्या पाळकांचा असतो. ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’वर नोंद आपल्या नावे करून घ्यायला पैसे लागत नाहीत. पडताळणीसाठी बहुधा चित्रफीत मागतात: रस्ता, फाटकावरचे नाव आणि आतली एखादी जागा एका सलग चित्रणात दाखवायची.

मग पुढचे अर्ध्या तासाचे काम. पिन फाटकावर ठेवा, इमारतीच्या मध्यावर नको, नाहीतर रिक्षावाला मागच्या बाजूला सोडतो. वर्णनात पहिल्याच ओळीत उपासनेच्या भाषा आणि वेळा: मराठी, इंग्रजी, मलयाळम, हिंदी. नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत शोधता येईल असे. नाताळ, राखेचा बुधवार, उत्तम शुक्रवार यांच्या ‘विशेष वेळा’ आठवडाभर आधी भरा. फोटो बाहेरचा आणि दिवसाउजेडी काढलेला टाका, कारण शोधणाऱ्याला फाटक ओळखायचे असते. चाकाची खुर्ची आत येते का, गाडी कुठे लावायची, हेही लिहा. तासाभरात, शून्य खर्चात नवा माणूस दारापर्यंत आणणारे दुसरे साधन आम्हाला माहीत नाही.

बाकीचे थोडक्यात

फेसबुक लाइव्ह दुय्यम ठेवा. खाते ६० दिवस जुने आणि १०० अनुयायी असल्याशिवाय थेट दाखवता येत नाही, आणि फेब्रुवारी २०२५ पासून थेट चित्रफिती ३० दिवसांनी काढून टाकल्या जातात. पेजवर यूट्यूबचा दुवा टाकणे पुरे. इन्स्टाग्राम तरुण संघाच्या हाती द्या, पण चौकटीत बसणारे वचन आणि नाताळच्या गायनफेरीची वेळ यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

आठवड्याच्या प्रार्थनासभेला गूगल मीट ठीक: मोफत खात्यात तिघांहून अधिक जणांना एक तास मिळतो. झूम मोफत खात्यात ४० मिनिटांत तुटते. कोणतेही घ्या, पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सर्वांनी एकत्र म्हणू नका. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोहोचतो आणि प्रार्थनेचा कल्लोळ होतो. एकाने म्हणावी, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून घरात मोठ्याने म्हणावी.

यूव्हर्जनचे बायबल ॲप मराठी वचनासाठी उत्तम आणि मोफत आहे. भजनाचे शब्द पडद्यावर दाखवायला ओपनएलपी पुरते. जुनी भजने श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ती चिकटवल्यावर अक्षरांचा चुराडा दिसतो. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात आणि नंतर प्रत्येक ओळ माणसाने वाचावी लागते, विशेषतः ‘ऱ्य’, ‘र्‍ह’ आणि रफार असलेले शब्द.

अर्पणाचा क्यूआर ट्रस्टच्याच खात्याचा असावा, खजिनदाराच्या खासगी खात्याचा कधीही नको. देवळात तो काचेमागे लावा आणि दर रविवारी उपासनेपूर्वी एक रुपया पाठवून नाव तपासा, कारण वर दुसरा क्यूआर चिकटवण्याची फसवणूक एका स्टिकरने होते. यूट्यूबच्या वर्णनात मात्र खाते क्रमांक टाकू नका. परदेशी नागरिकाने पैसे पाठवले तर ती परकीय देणगी ठरते, आणि तिला एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी व दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या आखातातल्या मुलाने स्वतःच्या कमाईतून पाठवलेले अर्पण यात येत नाही, पण वर्णन वाचणारा कोण आहे हे तुम्हाला कळणार नाही.

सुरुवात कशी करावी? पहिले दोन रविवार प्रक्षेपण ‘अनलिस्टेड’ ठेवा आणि दुवा फक्त तीन घरांना द्या: एक वडीलधारी व्यक्ती, एक पाळी करणारा कामगार, एक गावाकडची मंडळी. सोमवारी त्यांना फोन करा. चित्र कसे होते हे विचारू नका. वाचन कोणते होते आणि प्रवचनातले कोणते वाक्य लक्षात राहिले, एवढेच विचारा. उत्तर आले नाही तर पुढच्या रविवारआधी मिक्सरपाशी परत जा, ऑक्सची बटणे पुन्हा लावा आणि त्याच तिघांना पुन्हा दुवा पाठवा.